डाव्या चाकाचा लोअर आर्म

अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या स्पीड ब्रेकरवर आमची गाडी म्हैस बसते तशी बसली. आधी पुढच्या डाव्या चाकाकडून कडाक्कन आवाज आला, मग गाडीचं नाक खाली गेलं, आणि मी खाली उतरून बघते तर चाक पाय मुरगळल्यासारखं बाहेर आडवं पडलेलं. रविवारची सकाळ, देवळात जाणाऱ्यांची गर्दी, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. इंदूरमध्ये गाडी बंद पडली की मदतीला माणसं कमी येतात असं नाही, उलट फार येतात. दोन मिनिटांत सात-आठ जण जमले.

"आंटी, चक्का निकल गया."

"निकला नी हे भिया, नीचे का हाथ टूटा हे. देख तो सही."

"आंटी, बेच दो अब इसको. कुछ नी रखा इसमें."

शेवटचं वाक्य हातात पोह्यांचा कागद धरलेल्या एका गृहस्थांचं होतं. मी त्यांना म्हटलं, "आपसे भाव पूछा क्या मैंने? पहले धक्का लगाओ, फिर सलाह देना." त्यांनी पोहे गाडीच्या छपरावर ठेवले आणि बिचाऱ्यांनी खरंच धक्का लावला. माझा राग दुधासारखा आहे. उतू जायला वेळ लागत नाही, आणि नंतर शेगडी पुसायलाही मीच.

क्रेनवाला येईपर्यंत मी फुटपाथवर उभी होते. गाडीकडे बघवत नव्हतं. बावीस वर्षांची गाडी, पांढरी, आता पिवळट झालेली. ती ह्यांनी घेतली होती. हे म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन त्या आठवड्यात दोन वर्षं होणार होती.

आता एका गाडीसाठी बाई एवढी का जीव टाकते, असं कुणालाही वाटेल. माझ्या मुलालाही वाटत होतं. म्हणून आधी गाडीचं सांगते.

मी लग्न होऊन सुदामा नगरला आले तेव्हा घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं. दोन खोल्या, एक ओसरी, एक स्वयंपाकघर. सासऱ्यांचे आजोबा दरबारात कारकून होते. दरबार गेला, संस्थान गेलं, पण हळू बोलायची शिस्त काही घरातून गेली नाही. सासूबाई म्हणायच्या, "आपल्याकडे आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही." उंबऱ्याबाहेर कसला, तो खोलीच्या बाहेरसुद्धा जायचा नाही. नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं ते फक्त "पान वाढलंय" आणि "फोन आलाय." आणि मी कोण? टेलिफोनच्या कचेरीत तक्रारी ऐकणारी बाई. दिवसभर लोक माझ्यावर ओरडायचे, ते सगळं पोटात घेऊन मी घरी यायचे आणि घरात कुजबुजायचे. कोंडलेल्या वाफेनं कुकर तरी शिट्टी देतो.

आधी स्कूटर होती. पण स्कूटरवर भांडता येत नाही. बोललेलं वाऱ्यावर जातं, आणि माणसाच्या पाठीशी काय भांडणार? मग मुलगा आठ वर्षांचा असताना ही गाडी आली. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी जेवणानंतर सगळ्यांसमोर मला विचारलं, "जरा हवा भरून यायची आहे. येतेस?" मला काही कळलं नाही. हवा भरायला मी कशाला? पण गेले. रिंग रोडला एका झाडाखाली ह्यांनी गाडी उभी केली, चारही काचा वर केल्या आणि म्हणाले, "हं. आता बोल. पंधरा दिवस तुझं तोंड फुगलंय. मोठ्याने बोल."

मी बोलले. अर्धा तास बोलले. सासूबाईंपासून जावेपर्यंत आणि ह्यांच्या मुखदुर्बळपणापासून माझ्या पगारापर्यंत सगळं बाहेर काढलं. हेही ओरडले. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की ह्यांना ओरडता येतं! मग दोघांना भूक लागली. ह्यांनी कचोरी आणली. बोटांना लागलेली चटणी पुसायला काही नव्हतं म्हणून मी पदर दिला.

तेव्हापासून "हवा भरायला" आमच्या घरात आठवड्यातून दोनदा निघायची. एकदा सासूबाई म्हणाल्याच, "त्या चाकांना भोकं आहेत का गं?" मी म्हटलं, "टायर जुने आहेत, आई." त्यांना कळलं असणारच, त्या काय कमी होत्या? पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि यासाठी मी त्यांचे बाकीचे सगळे गुन्हे माफ केले आहेत.

मुलाला इंजिनिअरिंगला घालायचं की नाही ते त्या गाडीत ठरलं. माझं पोटाचं ऑपरेशन तिथे ठरलं. दिरांनी वेगळं व्हायचं काढलं तेव्हा हे त्या गाडीत रडले, आणि मी ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, तोही तिथेच. घरात आम्ही एक मुलगा आणि एक सून होतो. नवरा-बायको आम्ही गाडीत होतो. पुढे दीर वेगळे झाले, सासू-सासरे गेले, मुलगा पुण्याला गेला, सगळं घर रिकामं झालं, तरी आमचा आवाज काही घरात फुटेना. भांडायचं असलं की हे किल्ली घेऊन उभे. मी म्हणायचे, "अहो, आता घरात कोण आहे ऐकायला?" तर म्हणायचे, "भिंतींना सवय नाही गं."

ह्यांनीच मला पन्नाशीनंतर गाडी शिकवली. दहा वेळा रडवलं, पण शिकवली. हे गेल्यावर मी दर रविवारी गाडी काढायला लागले. कुठे जायचं नसायचं. अन्नपूर्णेवरून रिंग रोड, तिथे झाडाखाली दहा मिनिटं, परत. आणि बोलायचे. हो, मोठ्याने. वेडी म्हणा हवं तर. गॅसवाल्यापासून मुलाच्या लग्नापर्यंत सगळं सांगायचे, भांडायचेसुद्धा. एकच अडचण व्हायची. स्टिअरिंगवर मी, म्हणजे ह्यांच्या जागी मी. डावीकडची रिकामी सीट होती ती माझी. ह्यांना कुठे बघून बोलावं ते मला कळायचं नाही. मी समोर काचेकडे बघून बोलायचे. मला हे हवे होते. दोन वर्षांत एक दिवस असा गेला नाही की मला हे हवे नव्हते. याहून वेगळं काही सांगण्यासारखं नाही.

गेले सहा महिने डाव्या चाकाकडून कटकट आवाज येत होता. मी काय केलं? ह्यांनाच सांगितलं. "ऐकू येतंय ना? तुमच्या गाडीला खोकला झालाय. बघा काय ते." गाडीचं बघायचं काम ह्यांचं. मी का बघू? अशी मी. स्पीड ब्रेकरवर गाडी बसली ती माझ्या या शहाणपणामुळे.

मुलाला फोन केला. तो गुरुवारी येणारच होता, शुक्रवारी ह्यांचं श्राद्ध होतं आणि सोमवारी त्याला परत जायचं होतं. माझं ऐकून घेऊन म्हणाला, "आई, बास झालं आता. तुला लागलं असतं म्हणजे? त्या मॉडेलचे पार्ट मिळत नाहीत. स्क्रॅपला देऊ. मी तुला छोटी नवी घेऊन देतो."

"मला नवी नको."

"मग कॅब लाव."

"कॅबमध्ये काय करू मी?"

"म्हणजे काय? जायचं तिकडे जा."

त्याला काय सांगणार? आणि माझ्या तोंडाला ब्रेक नाही. मी म्हटलं, "रविवारपर्यंत चालू झाली नाही तर सोमवारी भंगारवाल्याला म्हणावं ने उचलून! मी आडवी येणार नाही." माझा मुलगा बापासारखा शांत आहे, आणि शांत माणसं बोललेलं लक्षात ठेवतात. त्याने पुण्याहूनच फोन करून सोमवार सकाळचा भंगारवाला ठरवला. मी फोन ठेवून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

गाडी परदेशीपुऱ्याला पोचवली होती. तिथे बंद मिलच्या भिंतीला लागून एका उस्तादांचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, आत जमिनीत खणलेला एक खड्डा. गाडी वर उभी राहते आणि उस्ताद खाली उतरून तिचं पोट बघतात. आमची गाडी बावीस वर्षं त्यांच्याकडे. मी मात्र तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं, ते ह्यांचं खातं. सोमवारी गेले. सत्तरीचा माणूस, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. गाडी बघून तोंडभर हसले.

"अरे, ये तो साहब की गाड़ी है! आप भाभीजी? साहब नहीं आए?"

एवढंच विचारलं. साधी गोष्ट होती. सांगायचं होतं, नाहीत हो उस्ताद, गेले ते. बत्तीस वर्षं मी फोनवर लोकांना नको त्या बातम्या दिल्या, लाइन कापली म्हणून, अर्ज फेटाळला म्हणून. पण त्या माणसाच्या हसऱ्या तोंडासमोर मला ते सांगता आलं नाही.

"पुणे गए हैं," मी म्हटलं. "बेटे के पास."

"अच्छा, अच्छा. घूमने दो. कब लौटेंगे?"

"देखते हैं."

ते खड्ड्यात उतरले. खालून त्यांचा आवाज येत होता. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, लोअर आर्म, तो मोडला होता. त्याच्या मुळाशी रबराचे बुश असतात, ते केव्हाच फाटलेले होते. त्या फाटक्या रबरावर हात आपटून आपटून शेवटी लोखंड गेलं. "आवाज नहीं आई, भाभीजी?"

"आई थी."

"साहब होते तो दूसरे दिन ला देते," उस्ताद म्हणाले.

मी विचारलं, वेल्डिंग करून नाही का चालणार? त्यांनी दोन्ही हात जोडले. "वेल्डिंग करके आपको नहीं दूँगा. बीच रास्ते में फिर छूटेगा, साहब को क्या मुँह दिखाऊँगा? असली हाथ लाओ, बुश मैं नए डाल दूँगा. पर बता देता हूँ, ये हाथ अब आता नहीं."

तो मोडका आर्म मी भाजीच्या पिशवीत घातला आणि तीन दिवस इंदूर पालथं घातलं. सिटी बसमध्ये मांडीवर पिशवी, पिशवीतून काळं लोखंड बाहेर. शेजारच्या मुलीने विचारलं, "आंटी, ये क्या है?" मी म्हटलं, "हाथ है." ती उठून दुसरीकडे बसली. दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस आर्म हातात न घेताच मान हलवायचा, "मैडम, ये तो बंद हो गया." एकाने डुप्लिकेट काढून दिला. माझ्या आर्मशेजारी ठेवून बघितला तर भोकांत बोटभर फरक. मी म्हटलं, हा बसणार नाही. तर म्हणे, "ठोक के बैठ जाएगा." मी म्हटलं, "तुमको ठोक के बिठाऊँ क्या?" दुकानातले सगळे हसले, तोही हसला, पण आर्म काही मिळाला नाही. गुरुवार संपला. रोज संध्याकाळी मी उस्तादांना सांगायला जायचे आणि रोज ते विचारायचे, "साहब से बात हुई? क्या बोले?" आणि मी, देवा रे, सांगायचे! म्हणायचे, "बोले, जल्दी करो." एकदा खोटं बोललं की ते वाढतच जातं. आणि खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. त्या अख्ख्या शहरात ती एक जागा होती जिथे माझा नवरा पुण्याला गेलेला होता.

शुक्रवारी श्राद्ध झालं. गुरुजी जेवून गेले. मी भांडी घासायला घेणार तर मुलगा दारात ती पिशवी घेऊन उभा.

"हे रोज घेऊन फिरतेस तू? किती जड आहे हे!"

"ठेव ते खाली."

"चल," तो म्हणाला. "मी येतो. पण आई, आज नाही मिळालं तर सोमवारचं ठरलंय हं."

"ठरलंय ना. मी कुठे नाही म्हणतेय?"

तो मला गाड्या तोडतात त्या आवारात घेऊन गेला. त्याने फोनवर शोधून काढलं होतं. मला म्हणाला नाही, पण पुण्याहून निघायच्या आधीपासून शोधत होता, ते मला तिथल्या माणसाच्या बोलण्यावरून कळलं. आवारात दारं एकीकडे, काचा एकीकडे, सीटांची तर रास. आणि कोपऱ्यात आमचीच गाडी. आमची नव्हे, तिची जुळी बहीण. तीच पांढरी, मागून चेपलेली, पुढून धड. आत डॅशबोर्डवर कुणीतरी गणपतीचं स्टिकर लावलेलं, अर्धं निघालेलं. सीट आधीच काढून नेल्या होत्या, आतून नुसता पत्रा. सोमवारी आमची गाडी इथे येणार. कुणीतरी सीट उपटून त्या राशीवर टाकणार, ह्यांची एकीकडे, माझी एकीकडे. मी मुलाचा दंड घट्ट धरला.

"आई?"

"काही नाही. आर्म बघ."

आर्म होता. डावाच होता. मुलाने गुडघ्यांवर बसून आमचा तुकडा त्याच्याशेजारी धरला, भोकं मोजली, आणि लहानपणी पेपर सोपा गेला की जसा माझ्याकडे बघायचा तसा बघितलं. त्याचा शर्ट ग्रीसने काळा झाला होता. श्राद्धाच्या दिवशीचा नवा शर्ट! एरवी मी केवढी ओरडले असते.

उस्तादांनी शनिवारभर काम केलं आणि रविवारी सकाळी आम्हाला बोलावलं. आम्ही दोघं पोचलो तर गाडी खड्ड्यावर उभी, चारही चाकांवर, सरळ. इतकी सरळ मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती. नवे बुश घातलेला आर्म लागला होता, फक्त शेवटचे बोल्ट कसायचे राहिले होते.

उस्तादांनी मुलाला बघितलं आणि खूश झाले. "भैया आ गए पुणे से! साहब को भी ले आते."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी उस्तादांच्या चष्म्याच्या तारेकडे बघत राहिले. माझा मुलगा एक शब्द बोलला नाही. बापावर गेलाय, म्हटलं ना.

"तो कस दीजिए ना उस्ताद," मी म्हटलं.

"ऐसे नहीं कसते, भाभीजी. रबर का काम है. जिस वजन पे कसो, उसी वजन पे आराम से रहता है. खाली गाड़ी पे कस दूँ तो जब आप लोग बैठोगे तब रबर ऐंठेगा, मरोड़ खाएगा, और ऐंठते-ऐंठते फट जाएगा. इसलिए मैं घरवालों को बिठा के कसता हूँ. जो रोज बैठता है, जहाँ बैठता है." मग ते एकदम हसायला लागले. "आप तो कभी आई नहीं. मालूम, साहब क्या करते थे? गेहूँ की बोरी लाते थे. आपकी सीट पे रख देते थे, बेल्ट भी लगा देते थे. बोलते, उस्ताद, उसको मत बताना कि तुम्हारे वजन की बोरी मिलती है बाजार में."

मला हसू आलं, आणि हसताहसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गव्हाच्या पोत्याला ऑइलचा वास! दोनदा तरी मी त्यावरून ह्यांना फाडून खाल्लं होतं, कुठल्या दुकानातून आणता म्हणून. आणि हे खाली मान घालून ऐकून घ्यायचे. म्हणजे मी कधी गॅरेजात गेले नाही तरी ह्या माणसाने दर वेळी माझी जागा धरून गाडी कसून घेतली होती. आणि मला सांगितलंसुद्धा नाही! काय माणूस होता तो. कुठे शोधू आता मी त्याला?

उस्ताद खड्ड्यात उतरले होते. खालून म्हणाले, "आज तो आप खुद हो, बोरी की जरूरत नहीं. आप अपनी जगह बैठो. साहब की जगह भैया को बिठा दो, भैया की काठी बिल्कुल साहब की है."

मुलाने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी डावीकडचं दार उघडलं आणि बसले. दोन वर्षांनी माझ्या सीटवर बसले. मुलगा स्टिअरिंगवर बसला, गुडघे अडायला लागले म्हणून सीट मागे सरकवली. त्याने हात स्टिअरिंगवर ठेवले. बोटांची पेरं ह्यांची, अंगठ्याचं नख ह्यांचं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, नुसते हात बघितले. डावीकडे मी, उजवीकडे तो एवढा माणूस, काचा वर. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी श्वासही हळू घेत होते. मला कुणी म्हटलं असतं की इथेच अशीच बस, आता घरी जायचं नाही, तर मी बसले असते.

"बस, ऐसे ही," पायाखालून उस्तादांचा आवाज आला. "हिलना मत. दोनों का वजन ठीक आ गया. अब साहब लौटेंगे तो उनको फरक भी मालूम नहीं पड़ेगा. कसता हूँ."

पाना बोल्टला लागल्याचा आवाज झाला.

"आई," मुलगा हळूच म्हणाला. "मी उद्या जाणार आहे."

"माहितीये मला."

"मग त्यांना सांग ना."

मी सांगणार नव्हते. खरंच सांगणार नव्हते. कसू दे, म्हटलं, दोघांच्या वजनावर कसू दे, फाटेल तेव्हा फाटेल. पण मग ती गाडी डोळ्यांसमोर आली, आतून नुसता पत्रा असलेली. गेल्या वेळी मी आवाज ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी बसली. या वेळी बसली तर पुन्हा आर्म मिळायचा नाही.

"रुको उस्ताद," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला. "साहब नहीं लौटेंगे. दो साल हो गए उनको. मैंने आपसे झूठ बोला."

खाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला आणि उस्ताद अगदी हळू म्हणाले, "अरे, राम." मग पुन्हा तेच. मग नाक ओढल्याचा आवाज. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही की खोटं का बोललात.

"तो अब गाड़ी कौन चलाता है, भाभीजी?"

"मैं."

"तो उधर जाओ. भैया, आप उतर जाओ."

मुलगा उतरला. मीही उतरले, गाडीच्या पुढून वळसा घालून त्याच्या बाजूला गेले. त्याने दार धरून ठेवलं होतं. मी बसले, सीट पुढे ओढली, माझे पाय पोचतील इतकी. त्याने दार लावलं आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला.

"बगल में कौन बैठता है?" खालून विचारलं.

मी शेजारच्या सीटकडे बघितलं. मी आत्ताच उठले होते तिथून, कव्हरला अजून सुरकुती होती.

"कोई नहीं," मी म्हटलं. "मैं अकेली हूँ."

दोन वर्षांत हे मी कुणाला म्हटलं नव्हतं. मुलाला नाही, बहिणीला नाही, ह्यांच्या फोटोला पण नाही. तोंडातून निघालं आणि हे खरंच गेले. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, मोठ्याने रडले, परदेशीपुऱ्यात भर सकाळी, काचा वर न करता.

उस्ताद थांबले होते. माझं रडणं जरा ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "कस दूँ, भाभीजी?"

"कस दीजिए," मी म्हटलं.